सव्वातीन पुस्तकं

लग्नाच्या बायोडाट्यात 'छंद' हा रकाना पहिल्यांदा कुणी घातला, मला ठाऊक नाही. नव्वदीच्या अखेरीस माझा बायोडाटा लिहायची वेळ आली, तेव्हा शिरूरच्या मित्रांचे पाच बायोडाटे मी नमुन्याला गोळा केले. पाचही जणांचे छंद एकच होते : वाचन, संगीत, क्रिकेट. त्यांतल्या चौघांच्या हातात दहावीनंतर मी पुस्तक पाहिलं नव्हतं. पाचवा वाचायचा, पण फक्त एसटीचं वेळापत्रक.

मी रांजणगावच्या एका कारखान्यात तयार मालाची मापं तपासायच्या कामावर होतो. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका पकडायच्या आणि स्वतःच्या कागदावर मात्र अंदाजे लिहायचं, हे पटेना. म्हणून मी मागल्या वर्षाचा नीट आढावा घेतला. सिनेमे सात, पैकी थिएटरात दोन, बाकी शेजारच्यांच्या टीव्हीवर. सातांत मिळून गाणी एक्केचाळीस, आणि एकही नायक ड्युटीवर जाताना दिसला नाही. पुस्तकं पुरी वाचलेली तीन. चौथी एक कादंबरी वाचनालयातून आणून दोनशे चव्वेचाळीस पानांपैकी एकसष्टाव्या पानावर सोडलेली. म्हणजे बरोबर पाव. मी लिहिलं : 'वाचन (वर्षाला सव्वातीन पुस्तके)'.

शिवाय लहानपणापासूनचा एक खरा छंद होता. दर उन्हाळी सुट्टीत मी दौंडला मामांकडे जायचो आणि स्टेशनच्या पुलावर उभा राहून मालगाड्यांचे डबे मोजायचो. सर्वाधिक अठ्ठावन्न. तेही लिहिलं.

मामांनी कागद वाचला. "हे काय रं? मालगाडीचे डबे मोजणे? पोरगी बघायला चाललायस का रेल्वेच्या भरतीला?"

डबे त्यांनी खोडले. सव्वातीनवर मात्र मी अडून बसलो.

त्याआधी दोन ठिकाणांहून नकार आला होता. वरवंडचं स्थळ तिसरं. मुलगी डी.एड. करून गावाजवळच्या शाळेत शिकवायची. तिचा फोटो मी चार दिवस शर्टाच्या खिशात घेऊन कामावर गेलो होतो. हा आकडा मी कुठंही लिहिला नाही. पण हे स्थळ हातचं जाऊ नये असं मला फार वाटत होतं, एवढं खरं.

वरवंडला पोहे झाले. मुलीचे वडील, ज्यांना सगळेच आप्पा म्हणत, चष्मा लावून माझा बायोडाटा मोठ्यानं वाचू लागले. शिक्षण झालं, नोकरी झाली, छंदापाशी ते थांबले.

"सव्वातीन? म्हंजी शुभ म्हणून लिवलंय व्हय?"

मामांनी संधी सोडली नाही. "व्हय तर! आमच्यात सगळं सव्वाच असतंय. देवापुढं सव्वा रुपया ठेवतो, तसं."

"चांगली रीत हाय," आप्पा खूश होऊन म्हणाले.

तिथं मी गप्प बसलो असतो, तर त्याच बैठकीत सुपारी फुटली असती.

"तसं नाही आप्पा," मी म्हणालो. "एकसष्ट भागिले दोनशे चव्वेचाळीस. बरोबर पाव येतो."

मामांनी मला कोपरानं ढोसलं. आप्पांनी चष्मा काढून कागद मांडीवर ठेवला. मग इतका वेळ मान खाली घालून बसलेली मुलगी म्हणाली, "आणि राहिलेलं पाऊण?"

"राहिलंय."

"का?"

"नायिका चौदाव्या पानावर खिडकीत उभी राहिली. एकसष्टाव्या पानापर्यंत हललीच नाही."

आतल्या दाराआड कुणीतरी फिस्सकन हसलं, बहुधा तिची आई. मुलगी हसली नाही. "वाचून तर बघा," ती म्हणाली. "पुढं हलली असेल."

परतीच्या एसटीत मामांनी दोघांची तिकिटं काढली. मग म्हणाले, "भाच्या, शुभ हाय म्हणला असतास तर काय बिघडलं असतं? पाव पुस्तकापायी आख्खं स्थळ घालवलंस."

आठवडाभर निरोप आला नाही. मी ती कादंबरी पुन्हा आणली. राहिलेली पानं एकशे त्र्याऐंशी. रोज वीस याप्रमाणे नऊ दिवस, आणि दहाव्या दिवशी तीन. मग वरवंडला पोस्टकार्ड टाकलं. थेट मुलीला लिहायची सोय नव्हती, म्हणून आप्पांच्या नावानं : 'सा. न. वि. वि. राहिलेले पाऊण पुस्तक वाचून झाले. नायिका पान एकशे सव्वीसवर हलली. पुस्तक तरीही आवडले नाही. बायोडाट्यात सव्वातीनऐवजी चार अशी दुरुस्ती करून घ्यावी.'

कार्ड पेटीत पडलं आणि माझ्या लक्षात आलं की ही पानं चालू वर्षात वाचलेली आहेत. मागल्या वर्षाचा आकडा सव्वातीनच राहतो. रात्रभर तळमळलो. शहाण्या माणसानं हे तिथंच सोडलं असतं. मी सकाळी दुसरं कार्ड टाकलं : 'आधीची दुरुस्ती रद्द समजावी.'

पाचव्या दिवशी आप्पांनी दौंडला मामांना फोन केला. मामांनी तो संवाद पुढं प्रत्येक लग्नात नकलेसकट सांगितला, त्यामुळं मला तो पाठ आहे.

"पाव्हणं, तुमचा भाचा कार्डावर कार्ड धाडतोय. काय दुरुस्ती, काय रद्द, मला तर काय बी कळंना. पोरगी मातुर दोन्ही कार्डं परत परत वाचून हसतीया. काल इचारलं तर म्हणली, ह्यांनाच हो म्हणा. तवा सुपारी कवा फोडायची, तेवढं बोला."

सुपारीच्या दिवशी आप्पांनी पेढ्यांचा खोका माझ्यासमोर ठेवला आणि बोट उगारून बजावलं, "सव्वा किलो हायेत. हे मातुर शुभ म्हणूनच हाय. मोजायचं न्हाई."

मी मोजले नाहीत. बावन्न होते, असं नंतर तिनं सांगितलं.