लाडू वळेल इतकी ओल

शिदू गेल्याची बातमी आली तेव्हा मी त्याच्या धामणीच्या पेटीतली माती मुठीत दाबून पाहत होतो. त्याचे थोरले भाऊ, तात्या, मिरजेहून सायकलवर आले आणि दारातच उभे राहिले. "आवं तात्या, आत या की," मी म्हणालो. "सकाळी गेला," ते म्हणाले. "हाक मारायलाबी सवड दिली न्हाई." मुठीतली माती टाकावी की ठेवावी, मला सुचेना... शेवटी ती पेटीत परत टाकली, वरून पाणी शिंपडलं आणि मग चपला घातल्या. मित्र गेल्याचं ऐकून आधी सापाच्या मातीवर पाणी शिंपडणारा माणूस मी.

आम्ही दोघे आष्ट्याचे, एका वर्गातले. मी सांगलीच्या एका शाळेत चित्रकलेचा मास्तर झालो, तो पलटणीत गेला. ब्रह्मदेशातून परतला तो खोकला घेऊनच. माझ्या शेजारची खोली त्याने घेतली आणि एक दिवस ऊसतोडीत सापडलेलं धामणीचं पिल्लू पोत्यातून घेऊन आला. तोडणीची माणसं त्याला ठेचायला निघाली होती म्हणे. चहाच्या मोठ्या खोक्याला एका बाजूने काच, वर बारीक जाळी, तळाला नदीकाठची माती, कोपऱ्यात उपडं फुटकं मडकं आणि त्याखाली ओला काथ्या... असा त्या धामणीचा, शिदूच्या भाषेत बाईसाहेबांचा, बंगला उभा राहिला. "एखादी खरी बाई आण की," मी चिडवायचो, तर तो हसून मूठभर माती माझ्या हातात द्यायचा. "दाबली की लाडू वळला पायजे, आन् टिचकी मारली की फुटला पायजे. पाणी गळालं तर लय झालं. लाडूच न्हाई वळला तर कमी." ओल बरोबर आहे की नाही याची खरी परीक्षा मात्र कात टाकताना व्हायची. डोळ्यांवरच्या पापुद्र्यासकट, तोंडापासून शेपटीपर्यंत ती अखंड निघाली की शिदू दिवसभर खूश असे. ताजी कात ओल्या मलमलीसारखी मऊ असते, चार दिवसांत वाळते आणि कुरकुरू लागते, हेही त्यानेच मला दाखवलं. वाळलेल्या काती तो त्याच्या पत्र्याच्या ट्रंकेत जपून ठेवायचा.

पुढे खोकल्यातून रक्त पडू लागलं. डॉक्टरांनी सांगितलं, हवा कोरडी पाहिजे, खोलीत दमटपणा नको. एकाच खोलीत त्याला कोरडं हवं आणि तिला ओलं! मिरजेच्या दवाखान्यात जायच्या दिवशी त्याने पेटी आणि ट्रंक माझ्याकडे आणून ठेवली. "माझं काय व्हायचं ते डाक्टरच्या हातात हाय गड्या," तो म्हणाला, "हिचं तेवढं तुज्या हातात. कातीचं तुकडं पडू देऊ नगंस." मी मोठ्या तोऱ्यात हो म्हणालो.

नागपंचमीला आई आष्ट्याहून आली. गल्लीतल्या बायका हळद-कुंकू आणि दुधाच्या वाट्या घेऊन जमल्या. साप दूध पीत नाही, मी परोपरीने सांगितलं. "धामण म्हशीचं सड पिती, सगळ्या गावाला ठावं हाय," आई म्हणाली. "शिदूला बरं वाटावं म्हणून घालतोय, आडवा येऊ नगंस." शिदूचं नाव निघालं आणि मी बाजूला झालो. जाळीतून दूध मातीवर पडत राहिलं, मी नुसता बघत राहिलो. तिसऱ्या दिवशी पेटीला आंबूस वास, आणि मडक्याखाली मुंग्याच मुंग्या. सगळी माती फेकली. सणाच्या दिवशी आईने ज्या तव्याला चुलीवर चढू दिलं नव्हतं, त्याच तव्यावर मी नवी माती भाजली, आणि पेटी चुलीजवळ नेली. ओलीची मला भीतीच बसली होती. मग कात टाकायच्या आधी होतात तसे बाईसाहेबांचे डोळे दुधाळ झाले आणि कात निघाली ती लक्तरं होऊन. उजव्या डोळ्यावरचा पापुद्रा तसाच राहिला. ती काचेवर डोकं घासायची आणि मला काहीएक करता यायचं नाही.

इकडे शिदूचा निरोप आला, कात घेऊन ये. लक्तरं घेऊन कसं जाणार? मी त्याच्याच ट्रंकेतली एक जुनी, अखंड कात काढली आणि रविवारी मिरजेला नेली. तो इतका वाळला होता की गादीवर नुसतं पांघरूण असल्यासारखं वाटलं. त्याने कात हातात घेतली, डोळे मिटून बोटांनी चाचपली. ती कुरकुरली, एक कपचा त्याच्या छातीवर पडला. "चांगली निघालीया रं," तो म्हणाला. "ओल बरोबर हाय तुजी." मग थोडा दम घेऊन, सहज बोलल्यासारखं, "डोळ्यावर काय ऱ्हायलं आसंल तर ओलं फडकं ठेव. नखानं काढू नगंस. म्होरल्या कातीबरूबर जाईल."

निभावलं, असं म्हणत मी कात परत घेतली आणि हलक्या मनाने सायकल हाणली. अर्ध्या वाटेत पाय थांबले. डोळ्याचं मी त्याला काहीच सांगितलं नव्हतं. ताजी कात कुरकुरत नाही, हे मला शिकवणाऱ्याच्याच हातात मी कुरकुरणारी कात ठेवली होती... पुढच्या रविवारी जाऊन सगळं कबूल करायचं ठरवलं. मंगळवारी तात्या आले.

त्याने सांगितलं तसंच मी केलं. माती लाडू वळेल इतकी ओली, सकाळ-संध्याकाळ ओलं फडकं. दिवाळी झाली आणि परवा सकाळी मडक्याशेजारी कात पडलेली दिसली. अखंड. दोन्ही डोळ्यांचे पापुद्रे जागच्या जागी. मी ती तळहातांवर घेऊन धावत शेजारच्या खोलीच्या दाराशी गेलो. तिथे कुलूप. तसाच उभा राहिलो आणि रडलो.

वाळली की ती ट्रंकेतल्या इतर कातींसारखीच दिसेल. मग शिदूला दाखवलेली खोटी कुठली आणि ही खरी कुठली, हे मलाही ओळखता येणार नाही. म्हणून ती ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली आहे. अशाने ती कुजेल, हे मला कळतं. तरी आज सकाळी पुन्हा फडकं भिजवलं.