मलकापूरहून परत आणलेली चिठ्ठी

समोरच्याच्या नाकावरचा चष्मा न विचारता काढायचा, खिशातल्या मलमलीच्या फडक्यानं पुसायचा आणि मग म्हणायचं, "हां, आता बोला. काय दिसत न्हाई?" सांगलीत त्या काळी नंबर काढायला गेला असाल, तर डोळे तपासणाऱ्या आमच्या सरांनी तुमच्याही नाकाला हात घातला असेल. माझ्या तर पहिल्याच भेटीत घातला. मी मात्र गेले होते काम शिकायला.

बारावी झाली होती. वडील माधवनगरच्या गिरणीत. मला पुण्याला ऑप्टोमेट्री, म्हणजे डोळे तपासून नंबर काढायचं शिक्षण घ्यायचं होतं. प्रवेशाला या धंद्यातल्या माणसाचं शिफारसपत्र हवं होतं. आमच्या ओळखीत असला माणूस कुठला असायला!

"पत्र ओळखीवर मिळत न्हाई, पोरी," सर म्हणाले. "सुट्टीभर ये. बघू."

महिनाभर नुसत्या काचा पुसल्या. आई म्हणायची, "घरात भांडी काय कमी होती?" मग एक दिवस सरांनी मला नजर तपासायला अक्षरांच्या तक्त्याजवळ उभं केलं. आहाहा! मी घरी येऊन दोनदा सांगितलं.

आठवड्याभरातच मलकापूरचा एक वडापवाला, म्हणजे भाड्याच्या जीपमधून माणसं नेणारा ड्रायव्हर, आला. जीपच्या मालकानं डोळे तपासल्याची चिठ्ठी मागितली होती. गड्यानं तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचला. मी 'नजर उत्तम' लिहिलं, सरांनी माझ्यावर विश्वासून सही केली आणि तो गेला. पाचच मिनिटांत बाहेर ओरडा झाला, "आवं, माझ्या चपला कुणी नेल्या?"

बाहेर उरल्या होत्या वडापवाल्याच्या. दोन्ही जोडांत रंगाचंसुद्धा साम्य नव्हतं. म्हणजे गड्याला नीट दिसतच नव्हतं. तासभर बाकावर बसून, आतल्यांचं ऐकून त्यानं तक्ता पाठ केला होता.

सरांना सांगितलं तर पत्र गेलं, हे मला कळत होतं. तरी सांगितलं. ते स्वतःचाच चष्मा काढून पुसत बसले. मी चपला पिशवीत घातल्या आणि एस्टी पकडली.

वडापवाला स्टँडजवळच सापडला. "ताई, पोटावर पाय देऊ नका."

"दादा, चष्म्यानं गाडी चालवता येती. पण अशी चालवू नका. माणसं बसतात मागं."

त्यानं आधी चपला बदलल्या. मग चिठ्ठी काढून दिली. दुसऱ्या दिवशी येऊन चष्माही करून घेतला.

सुट्टी संपताना सरांनी बंद पाकीट हातात ठेवलं. पुण्यात मुलाखतीच्या बाईंनी ते सगळ्यांसमोर फोडलं.

सर जाऊन आता बरीच वर्षं झाली. माझी स्वतःची तपासणीची खोली आहे, दारावर पाटी आहे. पण खरा अभिमान वाटतो तो त्या पत्राचा. बाईंनी ते मोठ्यानं वाचलं होतं:

"या मुलीनं एका ड्रायव्हरची नजर चुकीची लिहिली. कुणी न सांगता मलकापूरला जाऊन तिनं चिठ्ठी परत आणली. अशा चुका माझ्याही हातून झाल्या आहेत. मी कधी एस्टी पकडली नाही."