अस्तरावरची नऊ नावं

क्रीडाग्रामातल्या दुरुस्तीच्या खोलीत सहा शिलाई मशिनं होती आणि सहा बायका. खिडकीजवळच्या बाईला सगळ्या उसवणबाई म्हणत. शिवायला काय, सगळ्यांनाच येतं. पण कापडाला साधं भोकही न पाडता शिवण उसवावी ती हिनंच. जगभरचे खेळाडू फाटलेली चड्डी, तुटलेली चेन, उलटा लागलेला नंबर घेऊन यायचे, खुणांनी बोलायचे आणि हसत जायचे. उसवणबाईही हसायची. हसणं हा कामाचाच भाग आहे, असं मुकादमीण रोज सकाळी बजावायची.

तिचा भाऊ अकरा महिने तुरुंगात होता.

भाऊ तिच्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान. वडील गेले तेव्हा तो रांगत होता. त्याला चालायला तिनं शिकवलं, लिहायला तिनं शिकवलं आणि या सगळ्यात तिचं लग्नाचं वय कात्रीखालच्या चिंध्यांसारखं कधी निघून गेलं ते तिलाही कळलं नाही. पोरगा सरळ निघाला, जरा जास्तच सरळ. मोठ्या मैदानाच्या बांधकामावर तो हजेरी लिहायचा. एका दुपारी छपराचा एक भाग खाली आला. संध्याकाळच्या बातम्यांत सांगितलं, तीन कामगार किरकोळ जखमी. भावाच्या वहीत त्या छपरावर सकाळी नऊ जण चढल्याची नोंद होती, आणि नवांपैकी एकही जेवायला खाली उतरला नव्हता. त्यानं वहीच्या त्या पानाचा फोटो काढला आणि लोकांना पाठवून दिला. तिसऱ्या दिवशी त्याला घरातून उचललं.

पुढे महिनाभर उसवणबाईनं चौकीचे उंबरे झिजवले. शेवटी एका अंमलदारानं तिला खुर्ची दिली. बोलायला मऊ माणूस.

"हे बघा ताई," तो म्हणाला, "जगभरचे पाहुणे यायचेत. घरात कार्य असताना कोणी भांडण काढतं का? स्पर्धा संपेपर्यंत तोंडाला कुलूप लावा. पाहुणे गेले की भाऊ घरी."

"नक्की ना साहेब?"

"मी सांगतोय ना."

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. तिनं ती काडी मुठीत अशी धरली की नखं तळहातात रुतली. शेजाऱ्यांशी बोलणं तोडलं. मेलेल्यांपैकी एकाची बायको दारात आली, तिला आत न घेता परत पाठवलं. त्या बाईची पाठ वळली तेव्हा उसवणबाईला स्वतःचीच लाज वाटली, पण तिनं दार लावून घेतलं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी एक परदेशी भालाफेकपटू जाकिटाचं फाटलेलं अस्तर घेऊन आली. दाराइतकी उंच, खांदे पैलवानाचे, आणि चेहरा मात्र शाळकरी मुलीचा. तिनं फोन तोंडाशी धरून काहीतरी विचारलं. फोनमधली बाई भटजीच्या थाटात मराठी बोलली, "येथील छप्पर कोसळले तेव्हा किती मनुष्ये मृत झाली?"

खोलीतली मशिनं एकदम थांबली. मग सगळी पुन्हा सुरू झाली, जरा जास्तच जोरात.

"मला माहीत नाही," उसवणबाई म्हणाली. "दोन दिवसांनी या. अस्तर होईल."

उद्घाटनाचा सोहळा तिनं घरी आईबरोबर टीव्हीवर पाहिला. आईला कानानं फारच कमी ऐकू यायचं; जीभ मात्र शाबूत होती. भाषणाला उभ्या राहिलेल्या नेत्याकडे बोट दाखवून ती म्हणाली, "काय म्हणतोय तो गुळगुळीत तोंडाचा?"

"काही नाही, आई."

"काही नाही तर लोक टाळ्या कसल्या वाजवतायत? सांग की."

उसवणबाईनं आईच्या कानाशी तोंड नेलं. "म्हणतोय, एवढं मोठं मैदान उभं राहिलं, पण एकाचाही जीव गेला नाही!"

"आं?"

"कोणी मेलं नाही म्हणतोय! कोणीच मेलं नाही!"

ती ओरडत होती. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतकी. स्वतःच्या तोंडून, स्वतःच्या आवाजात.

आईनं जरा विचार केला. "मग माझा पोरगा कशापायी आत आहे?" तिनं विचारलं.

उसवणबाई उठली आणि मोरीत जाऊन नळ मोठा सोडून उभी राहिली.

उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी भालाफेकपटू जाकीट न्यायला आली, तेव्हा बाकीच्या बायका जेवायला गेल्या होत्या. उसवणबाईनं तिच्यासमोर नऊ बोटं धरली. मग कापडावर आखायच्या खडूनं टेबलावर एकेक नाव लिहिलं. वहीतलं ते पान तिला तोंडपाठ होतं. मुलीनं नावांकडे पाहिलं, मग जाकिटाचं अस्तर उलटं करून पुढे धरलं. फोन म्हणाला, "मी विजयी झाले तर हे उघडून दाखवीन. संपूर्ण दोष मी स्वतःवर घेईन."

"तुमच्या एकटीवर कोण ठेवणार आहे?" उसवणबाई म्हणाली, पण हे तिनं फोनला ऐकू जाऊ दिलं नाही. तिनं दोरा ओवला. पहिलं नाव तिला दोनदा उसवावं लागलं. दुसऱ्यापासून हात बसला.

मुलगी तिसरी आली. पदक गळ्यात पडताच तिनं जाकीट उघडलं आणि दोन्ही पदर पंखांसारखे पसरले. टीव्हीवर लगेच आकाशातले ढग दाखवायला लागले, पण तोवर जगानं पाहिलं होतं. नियमभंग म्हणून आयोजकांनी पदक आणि जाकीट काढून घेतलं. दुसऱ्या दिवशी ती विमानात होती. तिच्या देशात विमानतळावर फुलं घेऊन लोक उभे होते. कोणी शिवलं, असं तिला शंभर जणांनी विचारलं. तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही. खरं तर तिला उसवणबाईचं नावही माहीत नव्हतं.

इकडे जाकीट दुरुस्तीच्या खोलीतल्या टेबलावर येऊन पडलं होतं. मऊ बोलणारा अंमलदार बाजूला उभा होता. नावांचा तोच पांढरा दोरा काजं करणाऱ्या बाईच्या मशिनवर सापडला. ती बिचारी साठीला टेकलेली, घरात लकव्यानं पडलेला नवरा. दोघा शिपायांनी दंड धरताच ती मटकन खाली बसली. "आईशप्पथ, मी नाही! मला वाचताही येत नाही हो!"

"सोडा तिला," उसवणबाई म्हणाली. "माझे टाके आहेत."

अंमलदारानं तिच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. चौकीत त्यानं एक कागद तिच्यापुढे सरकवला. भावाच्या सुटकेचा हुकूम. तारीख समारोपानंतरच्या सोमवारची.

"आठ दिवस, ताई. फक्त आठ दिवस कळ काढली असतीत तर."

तिच्यादेखत त्यानं कागदाचे चार तुकडे केले. तो कागद आधीपासूनच तयार होता की त्याच सकाळी तिच्यासाठी टाइप केला होता, हे तिला कधीच कळलं नाही. सतरा दिवसांनी तिला सोडलं. नोकरी गेली. भावाला देशाची बदनामी केल्याबद्दल पाच वर्षं सुनावली.

पहिल्या भेटीला भाऊ जाळीपलीकडे आला आणि बसलाच नाही. गालफडं वर आली होती, पुढचा एक दात नव्हता.

"माफीनाम्यावर सही केली होती मी," तो म्हणाला. "सगळं खोटं लिहिलं म्हणून कबूल केलं होतं. थुंकून चाटलं, ताई, घरी यायला मिळावं म्हणून. आणि तू?"

"मला माहीत नव्हतं रे."

"तुला विचारलं होतं कोणी? मी म्हणालो होतो तुला?"

"तूच तर पान पाठवलं होतंस ना…"

"मी चुकलो होतो!" तो ओरडला. शिपाई पुढे आला. भाऊ पाठ फिरवून आत गेला. भेटीची पंधरा मिनिटं तशीच शिल्लक राहिली. ती पंधराही मिनिटं ती रिकाम्या खुर्चीसमोर बसून राहिली.

दुसऱ्या भेटीला तो आलाच नाही. तिसऱ्यालाही नाही. आई रोज विचारायची, "काय म्हणाला?" आणि ही कानात ओरडायची, "बरा आहे! तुला विचारत होता!" आता अशा गोष्टी ओरडायला तिला जड जात नव्हतं.

चौथ्या महिन्यात मेलेल्याची ती बायको पुन्हा दारात आली. या वेळी उसवणबाईनं तिला आत घेतलं. परदेशातल्या कुठल्याशा वर्तमानपत्रात जाकिटाचा फोटो आला होता, त्याचं कात्रण तिच्याकडे होतं. नवऱ्याचं नाव तिनं बोटानं दाखवलं. "इथं कुठंच नाही हो त्याचं नाव," ती म्हणाली. "ना दाखल्यावर, ना दगडावर. एवढंच आहे."

उसवणबाईला त्यावर आनंद झाला म्हणावं, तर तसं काही झालं नाही. तिनं बाईला पाणी दिलं. उठताना बाईनं विचारलं, "भाऊ कसा आहे?"

"बोलत नाही माझ्याशी," उसवणबाई म्हणाली. आपल्या तोंडून खरं बाहेर पडलं याचं तिलाच नवल वाटलं, आणि मग रडू आलं ते थांबेचना.

पुढच्या भेटीच्या दिवशी ती नेहमीप्रमाणे रांगेत उभी राहिली.