रिकाम्या हातांची हूल

माझा धाकटा भाऊ वेंडेल प्रुइट तीन वर्षं शाळेच्या फुटबॉल संघात खेळला; आमचा हा अमेरिकी फुटबॉल, चेंडू हातात धरून पळायचा. चेंडू पोटाशी धरून गर्दीत घुसायचं, हे त्याचं काम. फक्त त्याच्याकडे चेंडू नसायचा.

कोच ड्रमंडचा सगळा खेळच हुलीवर उभा होता. मांडणी दर वेळी तीच. पुढे भिंतीसारखी उभी पोरं, त्यांच्यामागे चेंडू हातात घेणारा रॉस केलर, रॉसच्या पाठीशी सरळ रेषेत वेंडेल आणि दोन बाजूंना दोन पळणारे. समोरच्यांनी कितीही डोळे फाडून बघितलं, तरी चेंडू कुठे जाणार याचा पत्ता लागायचा नाही. रॉस वळून चेंडू वेंडेलच्या पोटात खुपसायचा आणि तसाच काढून घ्यायचा. वेंडेल हात पोटावर मिटून, मान खाली घालून मधोमध मुसंडी मारायचा. तीन-चार धिप्पाड पोरं त्याच्यावर तुटून पडायची. तोवर चेंडू घेऊन दुसराच कुणीतरी कडेने मोकाट सुटलेला. कधीमधी चेंडू खरोखर वेंडेलकडे राहू द्यायचे, हूल खरी वाटावी म्हणून. तेवढंच त्याचं कौतुक.

शुक्रवारी संध्याकाळी अख्खं डनबार क्रीक गाव मैदानावर लोटायचं. लोक ओरडायचे ते पळणाऱ्याकडे बघून. आई तिकडे बघायचीच नाही. ढिगाखालून वेंडेल उठतोय का, यावर तिची नजर.

शेवटच्या वर्षी एकदा तो उठला आणि भलत्याच संघाच्या बाकाकडे चालू लागला. पोरांनी धरून आणला, तर भडाभडा ओकला. मी कुंपणाला खेटून उभी होते. कोचने त्याची हनुवटी धरली.

"चेंडू दिसतोय का रे?"

"दोन दिसतायत, कोच."

"मग बिघडलं कुठे? तुला तर एकही लागत नाही!"

बाकावरची सगळी पोरं खिदळली. वेंडेलही हसला. आणि कोचने त्याला परत आत ढकललं.

त्या वर्षी करंडक गावात आला. ड्रमंडच्या डोक्याचे पोवाडे पेपरांतून छापून आले. वेंडेलच्या डोक्याचं काय झालं, ते कुणी विचारलं नाही. तो काचेच्या कारखान्यात लागला. चाळिशी येता येता भट्टीसमोर उभा राहून 'मी इथे कशाला आलो?' असं विचारायची पाळी त्याच्यावर आली. उजेड सोसेना. क्षुल्लक कारणावरून ताटं भिंतीवर आपटायचा आणि मग रडत तुकडे वेचायचा. बायको कंटाळून निघून गेली. तिला मी दोष देत नाही. डॉक्टर म्हणाले, हे जुन्या माराचं. मग मी त्याला माझ्या घरी आणलं.

आणि शाळेने काय ठरवलं? मैदानाला ड्रमंडचं नाव द्यायचं! त्या दिवशीच्या सामन्याच्या मध्यंतरात जुन्या पोरांनी तो प्रसिद्ध डाव करून दाखवायचा.

"जाऊ नकोस," मी म्हटलं.

"कोचने स्वतः फोन केलाय, आर्लीन," तो म्हणाला आणि शर्टाला इस्त्री करायला बसला.

पोटं सुटलेले ते सगळे बाप्ये आपापल्या जागी उभे राहिले. कोच माईकवर समजावून सांगत होता. "आता बघा! सगळे वेंडेलकडे बघणार, आणि फसणार!" रॉस वळला, त्याने चेंडू वेंडेलच्या पोटात घातला. काढायला गेला, तर निघेना. वेंडेलने हात मिटले होते.

"सोड ना, वेड्या," रॉस कुजबुजला.

वेंडेल चेंडू घेऊन सरळ कोचसमोर गेला. लोक हसत होते, त्यांना वाटलं ही गंमतच आहे. माईक चालूच होता.

"कोच, मला दोन दिसत होते. तुम्हाला सांगितलं होतं मी."

"अरे, खेळ होता तो, बाळा."

"तुमचा खेळ. डोकं माझं होतं."

हशा एकदम थांबला. कुणीतरी बँडला खूण केली आणि त्यांनी वाजवायला सुरुवात केली. वेंडेलने चेंडू कोचच्या पायाशी ठेवला आणि मला म्हणाला, "चल घरी. उजेड फार आहे इथे."

मैदानावर ड्रमंडच्या नावाची पाटी शेवटी लागलीच. दिमाखात उभी आहे. पण त्या आठवड्यात बेकरीतली नोरीन आमच्याकडे आली. तिचा मुलगा यंदा वेंडेलच्याच जागी खेळत होता. वेंडेलने जेवढं आठवलं तेवढं तिला सांगितलं. मधेच विसरला, की मी पुढे सांगायचे. नोरीनने त्याच दिवशी संघातून पोराचं नाव काढून घेतलं. तिच्या मागोमाग आणखी एका घरानेही.

मग ड्रमंडच्या जागी आलेला नवा कोच दारात येऊन गुरगुरला, "बाई, तुम्ही माझा हंगाम बुडवलात! मधून घुसवायला आता माणूस कुठून आणू?"

"तुम्हीच घुसा ना," मी म्हटलं, आणि दार लावून घेतलं.