थोरल्या साडूंचा गार पाण्याचा रेग्युलेटर

उभ्या बंगळुरूत गोठणाऱ्या पाण्याची धास्ती घेतलेला माणूस एकच आहे, आणि तो माझा थोरला साडू आहे. ज्या गावात डिसेंबरात पंखा एकनं कमी केला की लोक थंडी पडली म्हणतात, त्या गावात हा गृहस्थ, बर्फासारख्या तळ्याच्या तळाशी श्वास कसा घ्यायचा, यावर वर्षभर बोलत होता. दूधवाल्याशी बोलला, देवळातल्या भटजींशी बोलला, राजाजीनगरच्या एका साखरपुड्यात नवऱ्या मुलाच्या बापाला कोपऱ्यात घेऊन बोलला. तो बिचारा देण्याघेण्याचं काही निघतंय की काय या भीतीनं ऐकत राहिला, आणि शेवटी त्याच्या हाती लागलं ते एवढंच, की पाणबुड्याला टाकीतली हवा तोंडात देणारा रेग्युलेटर समुद्रात चालला तरी गोड्या गार पाण्यात चालेलच असं नाही.

घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मुलगी तेवढी अप्पा. चिकपेटेत त्यांचं पितळी नळ, कॉक आणि पंपाच्या व्हॉल्वचं दुकान आहे. वाडवडील साताऱ्याकडून इकडे कधी आले ते आता कुणाला नीट सांगता येत नाही, पण त्यांनी घालून दिलेला एक रिवाज दुकानात अजून पाळला जातो: दाबून आणि फुंकून बघितल्याशिवाय पितळ घ्यायचं नाही आणि द्यायचं नाही. अण्णांच्या ओठांना आणि अंगठ्याला हा रिवाज असा भिनलाय की माझ्या लग्नात आहेरात आलेल्या कुकरची शिट्टी त्यांनी मांडवातच फुंकून पाहिली आणि "स्वल्प हवा सोडतेय, बदलून घ्या" असा निकाल देऊन टाकला. मी पुण्याचा, सासरच्या माणसांना नवीन, त्यामुळे मान डोलावली. कुकर खरंच हवा सोडत होता, हे नंतर पहिल्याच वरणाला कळलं.

अशा माणसाला पाण्याखाली जायची हौस कुठून लागली, तर मुलीमुळे. त्यांची एकुलती एक मुलगी स्वित्झर्लंडमध्ये नोकरीला असते. भांडण असं दोघांत कधीच नव्हतं, पण बोलणंही उरलं नव्हतं. दर रविवारी फोन यायचा. "जेवलीस काय?" "जेवले, अप्पा." "सरी, बरंय." आणि फोन अक्कांच्या, म्हणजे माझ्या मेहुणीच्या हातात. पुढे मुलगी तिकडच्या तळ्यांत स्कूबा डायव्हिंग शिकली. हे कळल्यावर, तोवर समुद्रात गुडघ्यापलीकडे न गेलेले अण्णा साठीच्या उंबरठ्यावर मुरुडेश्वरला जाऊन समुद्रातलं डायव्हिंग शिकून आले, आणि घरी कुणाला पत्ता नव्हता. मुलीनं त्यांचा पाण्यातला फोटो पाहिला आणि म्हणाली, "मग मार्चमध्ये या अप्पा, माझ्या तळ्यात उतरू. पण इथलं पाणी फार गार. रेग्युलेटर नीट बघून घ्या."

'नीट बघून घ्या' हे शब्द चिकपेटेतल्या व्हॉल्वच्या व्यापाऱ्याला सांगणं म्हणजे काय, याची त्या पोरीला कल्पना असायला हवी होती. पुढच्या रविवारी फोन तासभर चालला. त्याच्या पुढच्या रविवारी त्याहून जास्त. अक्का मला म्हणाल्या, "इतकं तर हे माझ्याशी लग्न ठरल्यावर पण बोलले नव्हते." लग्नानंतर मीही बंगळुरूतच, म्हणून एकदोन रविवार मुद्दाम जाऊन बसलो. फोन टेबलावर, तिचा आवाज घरभर, आणि अण्णा हातात दुकानातला एक उघडा व्हॉल्व घेऊन येरझाऱ्या घालतायत. टाकीतली दाबाची हवा रेग्युलेटरमधून सुटताना गार पडते, हे त्यांनी मला स्वयंपाकघरात नेऊन समजावलं. गॅस जोरात बराच वेळ चालला की सिलिंडरच्या अंगाला घाम फुटतो ना, तसं. तिकडे पाणी आधीच गार, त्यात गोडं, म्हणजे खाऱ्याच्या आधी गोठणारं. आत बर्फाचा कण धरला की झडप उघडीच अडकते आणि सगळी हवा भसाभसा निघून जाते. "मग माणूस?" मी विचारलं. "म्हणून तर दोन घ्यायचे, पुणेकर," अण्णा खुशीत म्हणाले, "एका टाकीला दोन व्हॉल्व, दोन्हींवर वेगळा रेग्युलेटर. एक गोठला तर तो बंद, दुसरा तोंडात."

पण कुठले दोन? आत सरकता दट्ट्या असलेला दट्ट्यावाला, की रबरी पडदा असलेला पडद्यावाला? दट्ट्याला पार्ट कमी, दुरुस्ती सोपी, आणि अण्णांचा जन्म दट्ट्यांत गेलेला. मुलगी पडद्यावाल्याच्या बाजूची, तोही बंदिस्त, म्हणजे पाण्याचा आतल्या स्प्रिंगला स्पर्शच नको. तोंडातला भाग प्लॅस्टिकचा हलका बरा, की धातूचा, जो त्या गोठत्या हवेपेक्षा बऱ्या पाण्याची ऊब थोडी तरी आत पोचवतो? इथे मात्र बापलेकीचं चटकन जमलं. धातूचं नाव निघाल्यावर अण्णा नाही कशाला म्हणतील? पडद्यावरून मात्र दोघं असे तंडायचे की खालच्या मजल्यावरचे अय्यर एकदा वर येऊन सगळं ठीक आहे ना विचारून गेले. "ठीक कसलं, फस्ट क्लास आहे," असं म्हणत अण्णांनी त्यांनाही पडदा समजावला.

मग आली परीक्षा. इथल्या एका डायव्हिंग शिकवणाऱ्याकडून त्यांनी टाकी आणि दोन्ही जातींचे रेग्युलेटर उसने आणले, आणि बर्फाच्या लाद्या रिक्षात घालून घरी. रिक्षावाल्यानं लग्न आहे काय म्हणून विचारलं, तर म्हणाले, "इल्ल, तपासणी." गच्चीतल्या निळ्या पिंपात लाद्या फोडून टाकल्या आणि अण्णा बनियनवर, कमरेला पंचा, तोंडात रेग्युलेटर, अशा थाटात डोकं पाण्यात खुपसून वाकले. मी घड्याळ धरून, अक्का टॉवेल धरून. वर आले तेव्हा ओठ जांभळे आणि डोळे लहान मुलासारखे चमकत होते. दट्ट्यावाला दुसऱ्या खेपेला गुरगुरायला लागला होता, बंदिस्त पडदा शांत होता. त्यांनी दात वाजत असतानाच फोन लावला. "तू जिंकलीस ग," एवढं म्हणाले, आणि पलीकडून ती जी हसत सुटली, ते हसू आम्ही गच्चीत उभं राहून ऐकलं. तिचं असं हसणं अक्कांनीही किती वर्षांनी ऐकलं असेल.

बंदिस्त पडद्याचे दोन रेग्युलेटर विकत घेऊन मार्चमध्ये अण्णा एकटेच गेले. तिला सुट्टी एकाच दिवसाची मिळाली होती, आणि सगळा जीव त्या दिवसात होता. पुढचं मला तिनंच फोनवर सांगितलं. तळ्याकाठी पहाटेचं दव गोठलेलं होतं. तिथला सक्त नियम असा, की पाण्यात तोंड बुडेपर्यंत रेग्युलेटरमधून श्वास घ्यायचा नाही आणि हवा सोडायचं बटणही दाबायचं नाही, कारण तोंडाची वाफ आत जाऊन तिथेच गोठते. हा नियम अण्णांनी वर्षभर घराच्या आसपासच्या अख्ख्या बसवनगुडीला पाठ करून घेतला होता. आणि तिथे सोबतच्या शिक्षकानं टाकीला जोडलेला रेग्युलेटर त्यांच्या हातात देताच तो तोंडाशी गेला, अण्णांनी जोरात फुंकलं आणि अंगठ्यानं खटकन बटण दाबलं. चिकपेटेचा रिवाज. हवा भसाभसा सुटली, थांबेना. शिक्षकानं टाकी बंद केली आणि आज हा संच पाण्यात नाही, म्हणून मान हलवली.

"अप्पा काठावरच्या दगडावर बसले," ती म्हणाली, "आणि कुणाकडे बघेनात. मला म्हणाले, तू जा, तुझा दिवस माझ्यापायी वाया नको. काका, मला इतकं वाईट वाटलं की मी तिथेच ऑफिसला फोन लावला आणि उद्या पण येत नाही म्हणून सांगितलं. मी आजपर्यंत असं कधी केलं नाही."

दुसऱ्या दिवशी उतरले. तळ्यात काय दिसलं, असं मी विमानतळावर घ्यायला गेलो तेव्हा पहिलं विचारलं. "काय दिसणार? हिरवं पाणी, चिखल, एक मासा," अण्णा म्हणाले. "पण वर येईपर्यंत तिनं माझा हात सोडला नाही." मी त्यांची बॅग उचलली, तर ती भलतीच हलकी लागली. रेग्युलेटर कुठे, म्हणालो. "तिच्या कपाटात. तीच म्हणाली, इथेच राहू दे अप्पा, परत यायचंय ना." एवढं सांगून ते टॅक्सीत बसले आणि खिडकीबाहेर बघत राहिले.