विरोधात कोण?

ठराव वाचून झाला की अप्पा विचारायचे, "विरोधात कोण?" आणि मग गप्प बसायचे, सभेत खोकले सुरू होईपर्यंत. आमच्या लोहारा भागातली सभेची रीत निराळी. वाचणाऱ्याचं वाक्य संपायच्या आत "मंजूर! मंजूर!" आणि लगेच चहा. पण आम्हा शेतकऱ्यांच्या डाळमिल कंपनीचे अध्यक्ष अप्पा अभिनंदनाच्या ठरावालासुद्धा विरोधक शोधायचे. "आवाज एकाचाबी मोठा आसतोय. हात वर करा," म्हणायचे. आम्हाला हसू यायचं.

मिल एका व्यापाऱ्याला भाड्याने द्यायचं काही संचालकांनी ठरवलं. अप्पा आडवे आले. तेव्हा त्यांनाच काढायचा ठराव सभेपुढे आला.

अप्पा खुर्चीतून उठले. "माझ्याच ठरावाला म्या कसा बसू हितं?" म्हणत आमच्यात सतरंजीवर येऊन बसले. बोलायला सांगितलं तर एवढंच म्हणाले, "मिल त्याच्या हातात गेली की तुरीचा भाव त्योच ठरवंल. इचार करा." मी मनात म्हटलं, आमची तूर मग न्यायची कुठं?

खुर्चीत आता उपाध्यक्ष बसले आणि एका दमात वाचलं, "...अप्पांना संचालकपदावरून मुक्त करण्यात यावे." मागून सवयीने आवाज उठला, "मंजूर! मंजूर!" सगळ्यात मोठा नागनाथमामांचा. ते तर अप्पांना वाचवायला उडदाची मळणी टाकून आले होते! शेजाऱ्यानं कोपर मारल्यावर त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "आरं द्येवा, ह्ये मंजूर न्हवतं करायचं!"

"ठराव मंजूर," उपाध्यक्ष म्हणाले.

मी ताडकन उठले. "विरोधात कोण, ते विचारा. हात मोजा!"

बराच गलका झाला, पण शेवटी हात मोजले. दोन्हीकडे सारखेच भरले. एकट्या अप्पांनी कुठल्याच बाजूला हात वर केला नव्हता.

"अप्पा, करा की हात वर!" मी ओरडले.

"सोत्ताला राखायला म्या हात वर करू व्हय, ताई? न्हाय."

मतं सारखी पडली तर निकाल खुर्चीतल्या माणसाच्या जादा मतावर. उपाध्यक्षांनी ते ठरावाच्या बाजूने टाकलं आणि अप्पांचं पद गेलं.

बाहेर आल्यावर मी त्यांना तोंडावर म्हणाले, "ते मत तुमचं एकट्याचं नव्हतं, अप्पा. आमचं सगळ्यांचं होतं." ते जीपमध्ये चढले.

मिल व्यापाऱ्याकडे गेली, भावही तोच ठरवू लागला. मला अप्पांचा फार राग यायचा, आणि त्यांच्याइतका आदर दुसऱ्या कुणाबद्दल वाटायचाही नाही.

ते अंथरुणाला खिळले तेव्हा मी भेटायला गेले. वर आढ्याकडे बघत अप्पा म्हणाले, "ताई, त्या दिशी म्या चुकलो का?"

मरणाऱ्या माणसाला "नाही" म्हणायला काय लागतं? पण अप्पांशी खोटं बोलायला जीभ रेटेना. मी म्हणाले, "व्हय, अप्पा."

त्यांनी डोळे मिटले. "बरं झालं," म्हणाले, "कुणीतरी सांगितलं."