उभ्या डब्यातली पंचाहत्तरी

ज्या शटलच्या डब्यात मी नोकरीची निम्मी वर्षं इगतपुरी ते नाशिकरोड उभ्याने काढली, तसलाच एक डबा नाशिकरोडला रस्त्याकडेला आणून ठेवलाय आणि त्याचं हॉटेल केलंय. खाली चार हात रूळ, वर नुसता झगमगाट. वेटरांना हमालांचे लाल डगले, मॅनेजरला गार्डाची टोपी. पाणी विचारायच्या आधी तो शिट्टी फुंकतो. भंगारात निघालेला डबा कामी आला याबद्दल माझी तक्रार नाही, पण हे सोंग बघून मला पहिल्या पायरीवरूनच मागे फिरावंसं वाटलं.

बाबांची पंचाहत्तरी होती आणि जागा भावाने ठरवली होती. तो बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे. "बाबांचा जन्म रेल्वेत गेला, त्यांना बरं वाटेल," म्हणाला. जन्म रेल्वेत गेला हे खरं, पण डब्यात नाही, डब्याखाली. बाबा इगतपुरी स्टेशनवर सफाईवाले होते. घाट चढून आलेली गाडी तिथे इंजिन बदलायला बराच वेळ थांबायची, आणि गाडी थांबली की लोकांना हमखास लागायची. संडासाची भोकं थेट रुळांवर. बाबा खराटा आणि बादली घेऊन खाली उतरायचे. पावसाळ्यात तर विचारूच नका. घरी आले की मागच्या दारी अंग लाल होईस्तोवर घासायचे आणि मगच आम्हाला जवळ घ्यायचे.

शाळेत कुणी विचारलं की भाऊ "वडील रेल्वेत आहेत" एवढंच सांगायचा. अजूनही तेवढंच सांगतो. आदल्या दिवशी बाबा मला लाजत लाजत म्हणाले होते, "उद्या त्यानं माझ्याबद्दल चार शब्द बोलावं असं लय वाटतंय बघ." त्यामुळे त्या जेवणात माझं सगळं लक्ष भावाच्या तोंडाकडे होतं.

मॅनेजर टेबलाशी आला. "आजोबा रेल्वेत होते? वा! कुठल्या पोस्टवर?"

"सुपरवायझर," भाऊ पटकन म्हणाला.

बाबा पापडाचे तुकडे करत बसले.

मॅनेजर मात्र खुलला. डब्यातलं सगळं कसं अस्सल ठेवलंय ते सांगायला लागला. बाकं अस्सल, पंखे अस्सल, कोपऱ्यातला संडाससुद्धा अस्सल, अगदी दारावरच्या पाटीसकट: गाडी स्थानकात उभी असताना वापर करू नये. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचे एक गृहस्थ तिथूनच पोटावर हात फिरवत बाहेर आले, आणि मागोमाग वास आला. मी खिडकीतून खाली वाकून पाहिलं. भोकाखाली टाकी नव्हतीच, प्लास्टिकचा टब ठेवला होता. नाकाला पदर बांधलेली एक बाई तो उघड्या हातांनी ओढून काढत होती. वर आमचं पनीर आलं होतं.

बाबांनीही वाकून पाहिलं. ते उठले आणि जाऊन संडासाच्या दाराला पाठ लावून उभे राहिले. नवा सदरा, छातीला भावाने लावलेलं गुलाबाचं फूल. एक माणूस घाईने आला तर म्हणाले, "खाली बाई हाय. कुणी जायचं नाय. पाटी वाचा."

मॅनेजर हसत हसत आला. "आजोबा, पाटी शोची आहे. आपली गाडी उभीच असते."

"म्हणून तर सांगतोय."

मॅनेजरने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना हळूच बाजूला सारायला लागला. "अहो, तुम्ही सुपरवायझर माणूस, तुम्हाला काय करायचंय त्या बाईचं?"

बाबांनी भावाकडे पाहिलं. चांगलं रोखून पाहिलं. भावाने मान खाली घातली. मग बाबाच बोलले, सगळ्या डब्याला ऐकू जाईल असं. "मी सुपरवायझर नव्हतो. मी हेच काढायचो. इगतपुरीला, ह्याच हातांनी."

मॅनेजरचा हात खांद्यावरून निघाला. टेबलावरचा एक नॅपकिन उचलून त्याने बोटं पुसली, एकेक करून, आमच्यादेखत.

असलं पुसणं मी लहानपणापासून बघत आले आहे. त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं, पण बाबांना तिथून बाहेर काढणं जास्त गरजेचं होतं. मी त्यांचा हात धरला. आम्ही दारापर्यंत पोचलो तेव्हा मागून भावाने घसा खाकरला. बाबा पायरीवरच थांबले. मीही थांबले. उशिरा का होईना, आता बोलेल असं दोघांनाही वाटलं.

तो वेटरला म्हणाला, "आमचं सगळं पार्सल करून द्या."